पहिल्या सुईआधीचे सहा आठवडे आणि फ्रिजमधला बर्फ

रुग्ण पुरुष, वय ३१, वजन ६२ किलो. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सेटर, घर मानेवाड्याकडे. पाच वर्षांपासून कंबर दुखते. पहाटे तीन-चारला दुखण्यानेच जाग येते, उठल्यावर दीड तास कंबर आखडलेली असते, चालायला लागलं की सुटते. सुट्टीच्या दिवशी पडून राहिलं तर त्रास आणखी वाढतो. मधल्या काळात कोणी ‘मणक्यात गॅप’ म्हणालं, कोणी ‘मशीनसमोर उभं राहून होतं’ म्हणालं. खरा धागा सापडला तो डोळ्यातून. डावा डोळा दीड वर्षात दोनदा लाल झाला, उजेड सहन होईना. दुसऱ्या खेपेला नेत्रतज्ज्ञांनी युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, असल्याचं सांगितलं आणि लगेच विचारलं, “सकाळी कंबर आखडते का?” तिथून त्याला धंतोलीत संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं गेलं.

हे प्रकरण कोणा एका माणसाचं नाही. अशा आजारात अॅडालिमुमॅब हे इंजेक्शनने घ्यायचं जैविक औषध सुरू करताना जे पेच पुन्हा पुन्हा समोर येतात, ते एका रुग्णावर बसवून इथे मांडले आहेत, म्हणजे क्रम आणि कारणं नीट दिसतील.

एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेली जनुकीय खूण पॉझिटिव्ह, एमआरआयमध्ये सूज ठळक दाखवणाऱ्या ‘स्टर’ फिल्मवर दोन्ही सॅक्रोइलियाक सांध्यांत (कंबरेखाली, मणका आणि कटिबंध जोडणारे सांधे) सूज, रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी ३८. निदान अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात. एटोरिकॉक्सिब ९० मिलिग्रॅम आणि त्याआधी नेप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अशी दोन वेदनाशामकं पुऱ्या मात्रेत काही आठवडे घेऊनही बासडाय ६.४ वरच राहिला. बासडाय म्हणजे थकवा, पाठदुखी, सांधेदुखी, हात लावला की दुखणारे भाग आणि सकाळचा आखडलेपणा यांचा रुग्णाने स्वतः दिलेला ० ते १० असा गुण. दोन वेदनाशामकांनंतरही तो ४ किंवा त्याहून जास्त असेल तर पुढच्या पायरीचा विचार होतो. मेथोट्रेक्सेट आणि सल्फासालाझिन हाताच्या-गुडघ्याच्या सांध्यांना उपयोगी पडतात, मणक्याच्या आजारावर त्यांचा असर होत नाही. म्हणून ‘आधी सहा महिने त्या गोळ्या घेऊन बघू’ हा सल्ला इथे वेळ घालवणारा ठरतो.

पुढच्या पायरीवर औषधं अनेक आहेत. त्यांतलं इटॅनरसेप्ट युव्हायटिसला तितकंसं आवरत नाही. सेक्युकिनुमॅबमध्ये क्षयाचा धोका कमी, पण डोळ्यासाठी त्याचा भरवसा नाही. टोफासिटिनिबची गोळी स्वस्त आणि सुई नको, पण डोळा दोनदा बिघडलेल्या माणसाला अॅडालिमुमॅबसारखी टीएनएफ हा सूज वाढवणारा रेणू अडवणारी मोनोक्लोनल अँटिबॉडीच (एकाच लक्ष्यावर नेमकं बसणारं प्रथिन) जास्त योग्य वाटली. ठरलं ते असं : अॅडालिमुमॅब ४० मिलिग्रॅम, त्वचेखाली, दर १४ दिवसांनी.

मूळ औषध हुमिरा. त्याला अमेरिकेत २००२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. भारतात झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये एक्झेम्प्शिया आणलं, ते अॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध. आपल्याकडच्या नियमावलीत याला ‘सिमिलर बायोलॉजिक’ म्हणतात. मार्गदर्शक तत्त्वं २०१२ ची, सुधारित २०१६ ची. क्रोसिनऐवजी दुसरी पॅरासिटामॉल घ्यावी इतकं हे सरळ नसतं. हे प्रथिन जिवंत पेशींत तयार होतं, म्हणून दोन कंपन्यांचं औषध हुबेहूब एक नसतं, फरक पडणार नाही इतकं जवळचं असतं. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहायचं ते यासाठीच. औषधाच्या दुकानात “भाऊ, मॉलिक्यूल सेमच आहे, हे घेऊन जा” असं म्हणून दुसरं खोकं पुढे येतं. ब्रँड बदलायला हरकत नसते, पण तो निर्णय डॉक्टरांच्या माहितीने आणि वहीत नोंद करून व्हायला हवा. नाहीतर पुढे पुरळ उठलं किंवा असर उतरला तर कशामुळे ते शोधता येत नाही.

या सुरुवातीत सुई टोचणं हे सगळ्यांत सोपं काम आहे. अडतं ते क्षयाच्या तपासणीत आणि फ्रिजमध्ये.

टीएनएफ हा रेणू शरीरात क्षयाच्या जंतूंभोवती पेशींची तटबंदी टिकवून धरतो. अॅडालिमुमॅब टीएनएफलाच अडवतं. वर्षानुवर्षं निपचित पडलेला जंतू मग जागा होऊ शकतो, आणि तो नेहमी छातीतच सापडेल असं नाही. गाठींत, पोटात, मणक्यातही निघतो. आपल्या देशात क्षयाची तपासणी न करता पहिलं इंजेक्शन देणं म्हणजे रुग्णाला धोक्यात घालणं आहे.

गुरुवार, ६ मार्चला माँटू (क्षयाच्या संसर्गाची त्वचेवरची चाचणी) टोचली, शनिवारी वाचली. वाचायची ती ४८ ते ७२ तासांत, आणि मोजायचा तो बोटाला लागणारा कडक उंचवटा, लाली मोजायची नाही. उंचवटा १३ मिलिमीटर भरला. एरवी १० मिलिमीटरची मर्यादा धरतात, पण प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होणार असेल तर ५ मिलिमीटरपासूनच पॉझिटिव्ह. घरच्यांचं म्हणणं, “लहानपणी बीसीजी दिलं होतं ना, त्यामुळेच असेल.” जन्मतः दिलेल्या बीसीजीचा परिणाम दहाएक वर्षांत बराच ओसरतो, म्हणून ३१ व्या वर्षीचा १३ मिलिमीटरचा उंचवटा त्यावर ढकलता येत नाही. शंकाच राहिली तर इग्राची रक्ततपासणी असते. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

छातीचा एक्स-रे स्वच्छ, खोकला-ताप-वजन घटणं काही नाही. म्हणजे सुप्त संसर्ग, आजार नाही. १८ मार्चपासून आयसोनियाझिड ही क्षयाची गोळी ३०० मिलिग्रॅम रोज, सोबत पिरिडॉक्सिन (ब६ जीवनसत्त्व), मुदत सहा महिने. आठवड्यातून एकदा बारा मात्रांचा रिफापेंटिनवाला छोटा कोर्सही उपलब्ध आहे, पण रिफॅम्पिसिनच्या गटातली औषधं एटोरिकॉक्सिब लवकर निकामी करतात, आणि या माणसाचं रात्रीचं झोपणं त्या गोळीवर टिकून होतं. म्हणून लांबचा पण सरळ रस्ता घेतला. जैविक औषध सुरू करण्याआधी प्रतिबंधक उपचाराचा किमान एक महिना पूर्ण व्हावा लागतो. त्यामुळे पहिलं इंजेक्शन २० एप्रिलला, रविवारी ठरलं.

तो महिना त्याला फार जड गेला. रात्री अंथरुणात कूस बदलता येत नाही, कंपनीत सी शिफ्ट सुरू, आणि औषध समोर असून घेता येत नाही. या काळात वेदनाशामक बंद करायचं नसतं, हे स्पष्ट सांगावं लागतं. पुष्कळ रुग्ण ‘आता मोठं औषध येणारच आहे’ म्हणून एटोरिकॉक्सिब आधीच सोडून देतात आणि तो महिना उगाच भोगतात.

याच महिन्यात बाकीची कामं उरकली. हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी आणि सोबत अँटी-एचबीसी टोटल, या दोन्ही रक्ततपासण्या. नुसती पहिली तपासणी केली तर जुना, दबलेला हिपॅटायटिस बी सुटून जातो आणि पुढे उसळतो. एचसीव्ही, एचआयव्ही, सीबीसी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या. हृदय निकामी होण्याचा त्रास आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मज्जासंस्थेचा आजार स्वतःला किंवा घरात कुणाला आहे का, हे विचारून लिहिलं. फ्लूची आणि न्यूमोकोकलची लस दिली. कांजिण्यांसारखी जिवंत लस हवी असेल तर ती औषधाच्या किमान चार आठवडे आधी. एकदा इंजेक्शन सुरू झालं की जिवंत लस बंद.

विम्याचं थोडक्यात. पगार ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) मर्यादेच्या वर गेल्याने कंपनीची ग्रुप पॉलिसी होती. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांमध्ये आधुनिक उपचारांच्या यादीत इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचा समावेश झाला, म्हणून लोक निश्चिंत होतात. पण घरी स्वतः टोचलेलं इंजेक्शन अनेक पॉलिसींत ओपीडीत मोडतं आणि दावा परत येतो. पहिल्या मात्रेआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं, तोंडी ‘हो जाईल सर’ चालत नाही. आणि हिशेब वर्षाला २६ इंजेक्शनांचा करावा. ‘महिन्याला दोन’ म्हणून २४ धरले की वर्षात दोन मात्रा पैशातही कमी पडतात आणि अंगातही.

या २६ आणि २४ च्या गोंधळाची आणखी एक तऱ्हा घरात निघाली. आई म्हणाली, “एकादशीला घेत जा, लक्षात राहते.” लक्षात राहायला छान, पण दोन एकादशींमधलं अंतर कधी १४ दिवस, कधी १५, वर्षभरात तिथी सरकत जाते. १ तारीख आणि १५ तारीख धरणाऱ्यांचंही तेच होतं. वार धरावा, एक रविवार सोडून पुढचा रविवार. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असली तरी वार बदलत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या तारखा पहिल्याच दिवशी गोल करून ठेवल्या.

पहिलं इंजेक्शन ओपीडीत, सिस्टरसमोर, स्वतःच्या हाताने. ब्रँड ०.८ मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅमचा, आधीच भरलेली काचेची सिरिंज. फ्रिजबाहेर काढून डिसेंबरात ३० मिनिटं, एप्रिल-मेच्या नागपुरात १५ मिनिटं पुरतात. गार औषध जास्त झोंबतं, म्हणून हा वेळ. कोमट पाण्यात धरायची नाही, उन्हात ठेवायची नाही, हलवायची नाही. मुदत बघायची, द्रव पारदर्शक आहे, त्यात कण नाहीत हे उजेडात बघायचं. छोटा बुडबुडा असला तर असू द्यावा, तो काढण्याच्या नादात औषध सांडतं. हात साबणाने धुवायचे. जागा मांडीचा पुढचा भाग किंवा पोट, बेंबीपासून चार बोटं सोडून. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर त्वचा पूर्ण वाळू द्यायची. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की आग होते आणि दोष औषधावर जातो. टोपण सरळ रेषेत ओढायचं, पिळायचं नाही, आणि पुन्हा लावायचं नाही.

“दादा, चामडी चिमटीत धरा, सोडू नका. तिरकी, पंचेचाळीस अंशात. घातली की मग हळू.”

मांडीची चिमूट, सुई एका झटक्यात आत, मग दट्ट्या दहा आकडे मोजत खाली. दट्ट्या तळाला टेकल्यावर आणखी पाच आकडे, मग त्याच कोनात बाहेर. बोळा दाबून धरायचा, चोळायचा नाही. खोक्यावरचं बॅच नंबरचं लेबल वहीत चिकटवून समोर तारीख आणि ‘उजवी मांडी’ असं लिहिलं. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं.

दुसरं, ४ मेचं, घरी. इथे चूक झाली. या ब्रँडमध्ये सायट्रेट आहे, ते आत जाताना झोंबतं. झोंबल्याबरोबर त्याने घाईत तीन सेकंदांत दट्ट्या दाबला आणि लगेच सुई ओढली. मांडीवरून औषध ओघळलं. फोन आला, “सिस्टर, थोडं बाहेर आलं ना, दुसरं घेऊन टाकू का?” नाही. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर, म्हणजे ४० पैकी अडीच मिलिग्रॅम. त्यासाठी दुसरी सिरिंज फोडायची नाही. औषध रक्तात निम्मं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, एवढ्या कमतरतेने काही बिघडत नाही. अर्धी सिरिंज सांडली असती तरी स्वतःच्या मनाने भरपाई न करता विचारायचं. तिसऱ्या वेळेपासून बायकोने मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली आणि ओघळणं थांबलं.

तिसऱ्या इंजेक्शननंतर डाव्या मांडीवर दोन इंचांचा लाल, खाजरा चट्टा उठला, तीन दिवस राहिला. हे पहिल्या काही मात्रांत बऱ्याच जणांना होतं. कापडात गुंडाळलेला बर्फ, रात्री सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, आणि पुढची सुई त्या जागेपासून किमान एक इंच दूर. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं हे वेगळं प्रकरण, तेव्हा १०८. औषधाचा दुष्परिणाम कुणीही कळवू शकतं, त्यासाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, आणि वहीतला बॅच नंबर तिथेच उपयोगी पडतो.

आता फ्रिज. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे सगळ्यांची भीती उन्हाची. ती खरी आहे. धंतोलीहून मानेवाड्याला आणताना थर्माकोलचा डबा, आत जेल पॅक, पॅक आणि खोकं यांच्यामध्ये जाड टॉवेल. पॅक डीप फ्रीजरमधून काढून थेट खोक्याला टेकवला तर औषध वाटेतच गोठतं. त्याला घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवावा. गाडीच्या डिक्कीत कधीच नाही, खालून इंजिनची धग आणि वरून तापलेली सीट. वीज गेली तर दार उघडू नये, बंद फ्रिज चारेक तास गारवा धरतो.

पण या घरात औषध वाया गेलं ते उन्हाने नाही, थंडीने. फ्रिज एका दाराचा, वर बर्फाचा कप्पा, त्याखाली चिलर ट्रे. नवतपा लागला तसं घरातल्यांनी ‘ऊन किती तापून राहिलं’ म्हणत रेग्युलेटर शेवटच्या आकड्यावर नेला. तेव्हा ते योग्यच होतं, स्वयंपाकघर ४० अंशांवर असताना फ्रिज जेमतेम पुरा पडत होता. १४ जूनला त्याने दोन सिरिंज आणल्या, एक १५ ला घेतली, दुसरी ‘जास्त गार जागा’ म्हणून चिलर ट्रेमध्ये ठेवली. मग पाऊस सुरू झाला, खोली दहा-बारा अंशांनी उतरली, रेग्युलेटर मात्र तिथेच. अशा फ्रिजमध्ये चिलर ट्रे शून्याखाली जातो. २९ जूनला खोकं काढायला गेला तर ते तळाला बर्फाने चिकटलेलं. ओढून काढताना पुठ्ठ्याचा थर ट्रेलाच राहिला. सिरिंज अर्ध्या तासात वितळली आणि उजेडात अगदी पहिल्यासारखी पारदर्शक दिसली.

इथेच मोह होतो, आणि इथेच ठाम राहावं लागतं. गोठलेलं औषध वितळून स्वच्छ दिसलं तरी टाकून द्यायचं. गोठताना प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, त्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही. असं प्रथिन शरीर परकं म्हणून ओळखू शकतं आणि औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात; मग पुढची चांगली इंजेक्शनंही लागू पडत नाहीत. एका सिरिंजचे पैसे वाचवायला जाऊन अख्खं औषध हातचं घालवण्याची ही जागा आहे. नवीन सिरिंज मिळेपर्यंत मंगळवार उजाडला. १ जुलैला इंजेक्शन घेतलं. चुकलेली मात्रा शक्य तितक्या लवकर घ्यायची आणि पुढची मूळ तारखेलाच, म्हणून पुढची १३ जुलैच राहिली, १५ नाही.

त्यानंतर काही शे रुपयांचा तारवाला डिजिटल थर्मामीटर आणला. त्याचं टोक औषधाच्या खोक्याशेजारी, मधल्या फळीवर. मागच्या भिंतीला टेकवून नाही, दारातही नाही. रोज सकाळी दूध काढताना आकडा बघायचा. रेग्युलेटर वर्षातून तीनदा बदलायचा : मार्चअखेर वर, पहिल्या पावसानंतर खाली, दिवाळीनंतर आणखी खाली. या तीन खुणा कॅलेंडरवर इंजेक्शनच्या तारखांसोबतच केल्या.

वापरलेल्या सिरिंज फिनाईलच्या रिकाम्या जाड बाटलीत, झाकण घट्ट, वर ‘सुया’ असं लिहून. पाऊण भरली की रुग्णालयात परत. तिथे त्या पांढऱ्या, सुई न भेदणाऱ्या डब्यात जातात. महापालिकेच्या कचरागाडीत टाकलं तर कचरा वेगळा करणाऱ्याच्या हातात सुई घुसते.

बारा आठवड्यांनी, जुलैच्या मध्यात : बासडाय २.६, सीआरपी ५, सकाळचा आखडलेपणा दीड तासावरून पंधरा मिनिटांवर. असर झाला की नाही हे ठरवायचं ते याच टप्प्यावर. चौथ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नये. एटोरिकॉक्सिब आता लागेल तेव्हाच. आयसोनियाझिडच्या पहिल्या महिन्यानंतर एसजीपीटी (यकृताला त्रास होतोय का हे दाखवणारी चाचणी) ५८ आलं होतं. लक्षणं नसताना ते कमाल मर्यादेच्या पाचपट होईपर्यंत, आणि मळमळ-कावीळ अशी लक्षणं असतील तर तिप्पट होईपर्यंत गोळी थांबवत नाहीत. त्याचं तर दुप्पटही नव्हतं. दारू पूर्ण बंद, चाचणी दर महिन्याला.

खरा पेच वेगळाच आला. पाठ मोकळी झाल्यावर त्याने जुलैत चार दिवस आयसोनियाझिड घेतलीच नाही. “कंबर तर दुखून नाही राहिली, मग टीबीची गोळी कशाला?” कंबर मोकळी झाली ती अॅडालिमुमॅबने, आणि त्याच अॅडालिमुमॅबमुळे गोळीची गरज जास्त. हे दोन वाक्यांत सांगितल्यावर त्याला पटलं. चुकलेल्या चार गोळ्या शेवटी जोडल्या, त्यामुळे १८० वी गोळी १३ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबरला आली.

गोळ्यांचा कोर्स संपला तरी नव्याने लागण होऊ शकते, कारण जंतू आसपास आहेच. म्हणून फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे : दोन आठवड्यांहून जास्त ताप किंवा खोकला, रात्री घाम, वजन घटणं, मानेत किंवा काखेत गाठ, यांपैकी काहीही असेल तर त्या रविवारी इंजेक्शन घ्यायचं नाही, आधी फोन करायचा. साधा तापही असला, दाताचं प्रतिजैविक सुरू असलं, ऑपरेशन ठरलं असलं, तरी तेच.